पुरावा क्रमांक सात

भाईंदरच्या खारीगावात दशरथ भोईरला दशरथ म्हणून हाक मारणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. बाकीचे तोंडावर ‘भोईरसाहेब’ म्हणतात आणि पाठ वळली की ‘अर्जवाला’. त्याला दोन्ही ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर दुसरं नाव त्याला जास्त आवडतं. साहेब कोणीही होतो, अर्जाला अक्कल लागते, असं त्याचं मत. ती अक्कल कुठवर पुरते ते मात्र त्याला पन्नाशीला येऊन कळलं, तेही एका गुरुवारी दुपारी, स्वतःच्याच दारात.

शिक्षण आठवी. बाप मिठागरावर राबून गेला, आई त्याच्याही आधी गेली. मागं राहिली ती चंद्रावती काकी. तिनं मासळीची पाटी डोक्यावर घेऊन पुतण्याला वाढवलं. कायदा त्याला कोणी शिकवला नाही. रद्दीच्या दुकानात माहिती अधिकाराचं एक पुस्तक मिळालं, तेही कव्हर नसलेलं आणि पुढची सहा पानं गायब. त्या पानांवर व्याख्या होत्या म्हणतात. त्यामुळे व्याख्या दशरथच्या कधीच पक्क्या झाल्या नाहीत, तो एकदम दंडापासून सुरू होतो. पहिला अर्ज गल्लीतल्या नळासाठी केला आणि सतराव्या दिवशी पाणी आलं. त्या दिवशी पाणी आलं नसतं तर पुढं कितीतरी लोकांचा त्रास वाचला असता.

पोटासाठी त्याच्याकडे एक जुनी पांढरी व्हॅन आहे. केटररची भांडी, लग्नाची मंडळी, जे मिळेल ते भाडं. पण मंगळवार आणि शुक्रवार सकाळी व्हॅन कोणालाच मिळत नाही, कारण त्या दिवशी काकीचं डायलिसिस असतं. रिक्षाचे धक्के तिला सोसत नाहीत. मोबाईलवरून बोलावलेल्या टॅक्सीवाल्यांना गल्लीचं अरुंद तोंड दिसलं की ते परस्पर रद्द करतात. गेल्या गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं म्हणून काकीनं एक खेप चुकवली होती. तिसऱ्या दिवशी तिला श्वास घेता येईना, आणि आठ दिवस आयसीयूच्या दारात बसून दशरथनं आयुष्यात पहिल्यांदा कोणाविरुद्धही अर्ज केला नाही. तेव्हापासून त्याचा शब्द होता: खेप चुकणार नाही.

त्या मंगळवारी परत येताना गाडीत धूर भरला. सायलेन्सरला धरून ठेवणारं रबर तुटलं होतं, क्लॅम्प सैल झाला होता, पाइप सांध्यातून निसटून खाली लोंबत होता आणि सगळा धूर मागच्या सीटवर. काकी घरापर्यंत खोकत आली. उतरल्यावर दाराला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “शुक्करवारी मी हिच्यान बसाची न्हाय.”

“दुरुस्त करतो ना काकी.”

“कर. न्हाय झाली तर राहू दे. एक दिवस न्हाय गेली तर कं व्हते?”

हेच वाक्य तिनं गणपतीतही म्हटलं होतं.

दशरथ तडक कॅल्विनच्या गॅरेजवर गेला. कॅल्विन मूळचा उत्तनचा. हात सोन्याचा आणि जीभ त्याहून गोड. त्यानं गाडीखाली वाकून पाहिलं आणि हात पुसत म्हणाला, “अर्ध्या तासाचं काम आहे साहेब.”

“मग कर.”

“करतो ना. सोमवारी.”

“सोमवारी? अर्ध्या तासाला सोमवार?”

“आत जागा दोन गाड्यांचीच आहे. आधी मी फुटपाथवर चार लावायचो. मग कोणीतरी अर्ज केला.” कॅल्विननं भिंतीकडे मान केली. तिथं नोटिशीची प्रत प्लास्टिकमध्ये घालून टांगली होती, अर्जदाराच्या नावासकट. “आता कायद्यानं चालतो मी. बरं वाटतं.”

काकीचं नाव सांगितलं असतं तर कॅल्विननं आतली गाडी बाहेर काढून हिला आत घेतलं असतं. पण ते म्हणजे स्वतःच्याच अर्जाला वाकून नमस्कार करण्यासारखं झालं असतं. दशरथ म्हणाला, “गरज नाही. मीच करतो.” खारीपासून हाटकेशपर्यंत दुसरं एखादं गॅरेज शोधावं, तर तिथंही कुठं ना कुठं त्याच्या अर्जाची प्रत टांगलेली असणार. एवढं काम करून ठेवलं होतं त्यानं शहराचं.

बुधवारी तो काशीगावच्या बाजूला हायवेलगतच्या मितेशच्या दुकानात गेला. मितेश गुजराती, पण जन्म भाईंदरचा. तीन भाषा एका वाक्यात बोलतो.

“जॅक दाखव. सगळ्यात मोठा.”

“गाडी कोणती, दशरथभाई? वजन किती?”

“वजन? गाडीला काय डॉक्टरकडे न्यायचंय?”

“आरसी बुकात लिहिलेलं असतं. बघा ना.”

दशरथनं पाकिटातून आरसी काढलं. दुसऱ्यांची कागदपत्रं मागण्यात बारा वर्षं घालवलेल्या माणसानं स्वतःचा हा कागद पहिल्यांदाच वाचला. रिकामी गाडी साडेनऊशे किलोच्या आसपास. तरी त्याचं बोट खालच्या फळीवरच्या वीस टनाच्या बाटली जॅककडे गेलं. लठ्ठ, लाल, पैलवानासारखा.

“वो ट्रकवाला है,” मितेश म्हणाला. “बंद असतानाच एवढा उंच आहे की तुमच्या गाडीखाली जाणारच नाही. त्याला आत घालायला आधी गाडी उचलावी लागेल. मग ती कशानं उचलणार?”

“गाडीबरोबर आलेला आहे ना एक, कैचीसारखा.”

“तो स्टेपनी बदलायला. रस्त्यात पंक्चर झालं, चाक बदललं, निघालो. खाली झोपायला नाही.” मितेशनं कोपऱ्यातून चाकांचा, जमिनीसरपट असा जॅक ओढून आणला. “ये ट्रॉली जॅक. दोन टन. चपटा आहे, सरळ आत जातो, दांडा लांब आहे, तुम्हाला वाकायला नको.”

दशरथनं त्यावरचा शिक्का वाचला, गॅरंटी विचारली, छापील किंमत मागितली, बिल पक्कं पाहिजे म्हणाला. मितेशनं सगळं दिलं. इथवर ठीक चाललं होतं. मग मितेशनं काउंटरवर लोखंडी तिपाईसारख्या दोन वस्तू आणून ठेवल्या.

“ही स्टँडची जोडी. गॅरेजवाले घोडी म्हणतात. ये भी ले जाओ. जॅक उठाता है, पकडता नहीं. गाडी उचलायची, यांच्यावर बसवायची, मग खाली जायचं. जॅकमधलं तेलाचं सील कधी जाईल सांगता येत नाही.”

एवढं ऐकलं आणि दशरथच्या डोक्यात नेहमीची घंटा वाजली. या घंटेनं त्याला बऱ्याचदा जिंकून दिलं होतं. “म्हणजे एक वस्तू घेतली की दुसरी गळ्यात मारायची. याला काय म्हणतात माहीत आहे?”

“सल्ला म्हणतात.”

“जोडविक्री म्हणतात. ग्राहकावर अशी सक्ती करता येत नाही.”

“सक्ती कुठे केली, दशरथभाई? तुम्ही खाली झोपणार म्हणून बोललो.”

“कुठं झोपायचं ते मी बघतो.”

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, म्हणून त्याचा आवाज जरा चढलाच. मितेशनं स्टँड उचलून मागं नेऊन ठेवले. दशरथ जॅक रिक्षात टाकून घरी आला तो विजयी मुद्रेनं. बायकोला, शेवंतीला, सगळं रंगवून सांगितलं. मितेशचं उठवण्या-पकडण्याचं वाक्यही सांगितलं, फक्त स्वतःचं म्हणून.

शेवंतीनं भाकरी उलटली. “उठवतो आणि पकडत नाही. बरं. मग पकडणार काय?”

दशरथनं खिडकीतून भिंतीकडे पाहिलं.

भिंतीलगत, ताडपत्रीखाली, एकवीस पेव्हर ब्लॉक रचून ठेवले होते. दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदारानं गल्लीच्या फुटपाथवर बसवलेले. पहिल्या पावसाळ्यातच बिस्किटासारखे चुरायला लागले. दशरथनं त्यातले एकवीस उचलून आणले, प्रत्येकावर लाल ऑइलपेंटनं नंबर घातला आणि अर्ज ठोकला: ‘सदर ब्लॉक मनुष्याच्या साध्या वजनानेही भंगतात, सबब नागरिकांच्या जीवितास धोका आहे.’ फुटपाथ नवा झाला, ठेकेदाराची चौकशी अजून चालू होती, म्हणून पुरावा जपायला हवा होता. त्याच्यासाठी एक रजिस्टरही होतं. क्रमांक, उचलल्याची जागा, तारीख, स्थिती, आणि शेवटचा रकाना ‘भंगल्यास कारण’.

तर बारा वर्षं लोकांना जागं करणाऱ्या या माणसानं त्यातले सहा ब्लॉक निवडले. निवडले म्हणजे ठोकून, वाजवून, त्यातल्या त्यात बरे निवडले. चार, सात, नऊ, अकरा, चौदा, सतरा.

गुरुवारी दुपारी त्यानं कामाला हात घातला. काही गोष्टी त्यानं व्यवस्थित केल्या, तेवढं श्रेय त्याला दिलं पाहिजे. हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये ठेवली, पुढची चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना दगडाची उटी लावली. ट्रॉली जॅकचा दांडा मारला तशी गाडीची मागची बाजू अलगद वर आली, आणि त्याला आपण हे आधीच का केलं नाही असं वाटलं. मग मागच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांखाली तीन-तीन ब्लॉक आडवे-उभे रचले, जॅक सैल केला, गाडी ब्लॉकवर बसवली आणि जॅक काढून बाजूला ठेवला. जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, हा नियम त्यानं पाळला होता. नियमाचा दुसरा अर्धा भाग मितेशच्या दुकानात राहिला होता.

जॅकचं खोकं फाडून अंथरलं, त्यावर पाठ टेकली, उजेडाची हातबॅटरी छातीवर ठेवली आणि आत सरकला. लोंबणारा पाइप अगदी नाकावर आला. नवीन रबर अडकवलं. क्लॅम्पचा नट अर्धा फिरवला, तेवढ्यात फुटपाथवरून स्कूटर गेल्याचा आवाज आला.

फुटपाथवर स्कूटर. त्यानं नवा करून घेतलेल्या फुटपाथवर.

दशरथ असला आवाज ऐकून पडून राहणाऱ्यांतला असता तर ही गोष्ट सांगायला फार दुःखाची झाली असती. पण तो खेकड्यासारखा सरपटत बाहेर आला, पाना टाकला, मोबाईल उपसला आणि धावला. “ए, थांब. नंबर घेतोय मी.”

स्कूटर थांबली. समोरच्या टॉवरमधली शिवांगी होती, बँकेत नोकरीला. तिनं हेल्मेटची काच वर केली. “अंकल, घ्या ना नंबर. पण मी जाऊ कुठून?”

“रस्त्यानं. रस्ता कशाला दिलाय?”

“रस्त्यात तुमची व्हॅन आहे. आडवी.”

दशरथनं मागं वळून पाहिलं. व्हॅन खरोखरच गल्ली अडवून उभी होती. परवानगी नाही, फलक नाही, काही नाही. यावर काय बोलावं याची त्यानं मनात जुळवाजुळव सुरू केली, आणि तेवढ्यात सुकं खोबरं फोडावं तसा टक् आवाज झाला. मग लगेच दुसरा. व्हॅन एका कुशीवर कलली, क्षणभर तशीच थांबली आणि धपकन खाली बसली. लाल-करड्या भुकटीचा ढग उठला.

दशरथचा मोबाईल धरलेला हात तसाच वर होता.

“अंकल,” शिवांगी हळूच म्हणाली, “तुम्ही आत्ता त्याच्या खाली होता ना?”

“होतो.”

एका शब्दात उत्तर देण्याची त्याची ही पहिलीच वेळ असावी.

शेवंती बाहेर आली. तिनं आधी नवऱ्याचे हात-पाय नजरेनं मोजले, मग झाडू आडवा घालून गाडीखालून बॅटरी ओढून काढली. मघाशी छातीवर होती ती. ॲक्सल आणि ब्लॉकच्या तुकड्यांत चेपून भाकरीएवढी पातळ झालेली. तिनं ती त्याच्या हातात दिली आणि दुसऱ्या हातात ब्लॉकचा अर्धा तुकडा ठेवला. त्यावर लाल रंगात सात लिहिलेलं होतं.

“घ्या. पुरावा मिळाला.”

शेजारच्याच आपल्या दारात काकी काठी टेकून उभी होती. तिनं एकदा व्हॅनकडे पाहिलं, एकदा पुतण्याकडे, आणि अगदी शांतपणे म्हणाली, “राहू दे रं बाला. उद्या न्हाय जात मी. एक दिवसानं कं व्हते?”

ते ऐकून दशरथनं बॅटरी आणि तुकडा दोन्ही शेवंतीच्या हातात परत दिलं. तो शिवांगीकडे वळला. “कुठं चाललीस?”

“हायवेला.”

“काशीगावपर्यंत सोडशील?”

“बसा. पण फुटपाथवरूनच जावं लागेल. तुमची गाडी हलेपर्यंत दुसरा रस्ता नाहीये.”

आणि अशा रीतीनं अर्जवाला भोईर, ज्या स्कूटरचा नंबर टिपायला धावला होता तिच्याच मागं बसून, स्वतः लढून नव्या करून घेतलेल्या फुटपाथवरून, सगळ्या गल्लीच्या देखत गेला. शेजारपाजारच्या दोघांनी खिडकीतून हात केला. त्यानं ओळख दिली नाही.

मितेश गिऱ्हाइकात होता. दशरथ काउंटरच्या कडेला उभा राहिला, आपली पाळी येईपर्यंत. हेही नवीनच.

“ते... स्टँड आहेत का?”

“आहेत ना.” मितेशनं मागून जोडी आणली. “काही झालं का?”

“मला नाही. एक ओळखीचा आहे. त्यानं गाडी पेव्हर ब्लॉकवर ठेवली.”

“अरे बापरे. ब्लॉकवर? दाब एका जागी आला की तो सांगून नाही फुटत. एकदम जातो. चांगला असला तरी.” मितेशनं त्याच्या शर्टाच्या पाठीवरच्या भुकटीकडे पाहिलं. “वो ओळखीचा ठीक आहे ना?”

“ठीक आहे.”

“बस. मग झालं.”

मितेशनं जास्त विचारलं नाही, स्टँड कसे पारखायचे ते सांगत गेला, आणि दशरथनं मधे तोंड घातलं नाही. पाय फाकलेले हवेत, बूड रुंद हवं, वेल्डिंगला भोक नको, दशरथनं बोट फिरवून पाहिलं. पिन जाड हवी आणि भोकातून पूर्ण आरपार गेली पाहिजे. दोन्ही एकाच उंचीवर लावायचे. खाली जमीन टणक हवी, माती नको, फरशी नको. “आणि खाली जायच्या आधी गाडीला धक्का द्या,” मितेश म्हणाला. “जोरात. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे.” पैसे देऊन तो निघाला, तेव्हा मितेशला मागून हाक मारावी लागली. दशरथ बिल विसरला होता.

संध्याकाळच्या उजेडात गाडी पुन्हा वर गेली. या वेळी गल्लीच्या कडेला, रस्ता मोकळा ठेवून, सिमेंटच्या पट्ट्यावर. ॲक्सल दोन लोखंडी घोड्यांवर बसली. जॅकही त्यानं काढला नाही, जरासा टेकवून तसाच राहू दिला. काकी प्लास्टिकची खुर्ची टाकून समोर बसली होती, पंचासारखी.

“आता जातो खाली,” दशरथ म्हणाला.

“थांबा,” शेवंतीनं पदर खोचला. तिनं व्हॅनला दोन हातांनी ढकललं. मग खांद्यानं. मग कंबर लावून असा धक्का दिला की त्यात पंचवीस वर्षांच्या संसारातलं बरंच काही होतं. गाडी जागची हलली नाही. “आता जा.”

क्लॅम्पचा नट पूर्ण आवळायला त्याला वीस मिनिटं लागली. कॅल्विननं पाचात केलं असतं. एकदा फुटपाथवरून कोणीतरी मोठ्यानं थुंकल्याचा आवाज आला. दशरथ आतच पडून राहिला. त्याच्यासाठी ते सायलेन्सरपेक्षा अवघड काम होतं.

शुक्रवारी सकाळी सातला व्हॅन काकीच्या दाराशी लागली. काकीनं आधी नाक आत घालून वास घेतला. मग बसली, डायलिसिसची सुई टोचतात ती हाताची नस सांभाळत, उशी पाठीशी घेऊन.

“दशरथ.”

“हां.”

“तूच लिवलं व्हतंस ना अर्जान, मान्साच्या वजनान फुटतान म्हनून?”

“मीच.”

“मंग गाडी कशी ठेवलीस?”

त्यानं आरशात पाहिलं. उत्तरं चार सुचली, पण चारही अर्जातली होती.

“लिवनारा येगला नि वाचनारा येगला,” काकी म्हणाली आणि खिडकीकडे वळली. दशरथनं गाडी काढली. चूक ब्लॉकची कशी, ठेकेदाराची कशी, मुळात असा माल पास कसा होतो, हे तो नवघर रोडभर समजावत राहिला. मागून हूं येईना. आरशात पाहिलं तर काकी उशीवर मान टाकून झोपली होती, तोंड अर्धवट उघडं. एकदाही खोकली नव्हती. तो गप्प झाला आणि खड्डे चुकवत गाडी चालवू लागला.

सेंटरमध्ये काकीला मशीनवर घेतलं. आता चार तास बाकावर. दशरथनं पिशवीतून रजिस्टर काढलं, पुढच्या आठवड्यात चौकशीची सुनावणी होती. पुरावा क्रमांक सात. स्थितीच्या रकान्यात त्यानं ‘दोन तुकडे’ लिहिलं. पुढचा रकाना होता ‘भंगल्यास कारण’. तिथं ‘निकृष्ट दर्जा’ लिहायला पेन टेकवलं, आणि उचललं. निकृष्ट तर तो होताच. पण ते दोन वर्षांपासून माहीत कोणाला होतं?

मग आपल्या ठळक, वळणदार, आठवीपर्यंतच्या अक्षरात त्या रकान्यात लिहिलं: ‘अर्जदार’.